मोल आणि माणूस

१५ जानेवारी २०२४ ची सकाळ. आपल्याकडे संक्रांत होती. डेट्रॉइटमध्ये अद्याप रविवारची रात्र सरली नव्हती. तेथील फोर्ड फील्ड या छताखालच्या मैदानात डेट्रॉइट लायन्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स या दोन संघांचा बाद फेरीतला सामना चालू होता, आणि आम्ही तो तिळगुळाच्या वेळेला, चहाचा कप पुढ्यात ठेवून पाहत होतो. पाहुण्या संघाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड मैदानावर उतरला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. याच माणसाने याच शहरासाठी आपल्या आयुष्यातले १२ मोसम वेचले होते. यजमान संघाच्या क्वार्टरबॅकच्या नावाचा मात्र हजारो कंठांतून घोष होत होता : 'जॅरेड गॉफ, जॅरेड गॉफ'. तीन वर्षांपूर्वी याच दोघांची एकमेकांशी अदलाबदल झाली होती, आणि त्या सौद्यात गॉफ ही लाभाची बाजू नव्हे, तर बोजाची बाजू मानली गेली होती. डेट्रॉइटने तो सामना २४-२३ असा जिंकला. बाद फेरीतला त्या संघाचा याआधीचा विजय जानेवारी १९९२ मधला, म्हणजे ३२ वर्षांपूर्वीचा होता.

साहित्यविषयक लेखांच्या पंगतीत अमेरिकन फुटबॉलचे पान का वाढावे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, मूल्यमापन हा आपला धंदा आहे. कोणती कृती थोर, कोणती दुय्यम, कोणती कालबाह्य, हे ठरवण्यात आपले आयुष्य जाते. हेच काम अमेरिकेतला हा खेळ दर वर्षी जिवंत माणसांच्या बाबतीत, उघड्यावर, आकड्यांच्या भाषेत करतो. आणि आपल्या निर्णयांचा पडताळा सहसा पिढ्यांनी लागतो, तर त्यांचा दोन-तीन वर्षांत लागतो. म्हणून तेथे घडणारी चूक आपल्याला आपली चूक पाहण्यासाठी उपयोगी पडते. ती चूक कोणती, हे सांगण्यापूर्वी थोडा तपशील आवश्यक आहे.

या खेळात प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू एका वेळी मैदानात असतात. आक्रमक संघाची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू येण्याने सुरू होते. समोरची बचावफळी काय करणार हे ओळखून, चेंडू कोणाकडे फेकायचा की पुढच्याच्या हाती द्यायचा, हे त्याने अवघ्या काही क्षणांत ठरवायचे असते. साहजिकच सारे श्रेय आणि सारा दोष त्याच्या नावावर जमा होतो. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. मोसमात प्रत्येकाच्या मुख्य यादीत ५३ नावे असतात. महाविद्यालयीन खेळाडूंमधून नवे खेळाडू घेण्यासाठी दर वर्षी ड्राफ्ट भरतो, आणि त्यात साधारणतः सर्वांत दुबळ्या संघाला निवडीचा पहिला हक्क मिळतो. हे निवडहक्कही संघ एकमेकांना देऊ-घेऊ शकतात, अगदी पुढच्या वर्षांचेसुद्धा. अद्याप कोणालाही ठाऊक नसलेल्या भावी खेळाडूच्या बदल्यात आजचा हाडामांसाचा खेळाडू देता येतो. त्यावर १९९४ पासून पगारमर्यादा आली : संघाने सर्व खेळाडूंवर मिळून अमुक रकमेपेक्षा अधिक खर्च करायचा नाही. २०२१ साली ही मर्यादा १८ कोटी २५ लाख डॉलर होती. एकाला अधिक दिले की दुसऱ्याचे कमी होते, किंवा दुसऱ्याला यादीतून जावे लागते. प्रत्येक नाव दुसऱ्या नावाच्या जागेवर उभे असते.

आता गॉफची कथा. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडहक्क मिळवण्यासाठी रॅम्सने आपले अनेक हक्क टेनेसीच्या संघाला देऊन टाकले आणि त्याची निवड केली. पहिल्या मोसमात त्याने सुरुवातीपासून खेळलेले सातही सामने संघ हरला. २०१७ च्या जानेवारीत शॉन मॅक्व्हे हा अवघ्या तिशीचा प्रशिक्षक आला आणि चित्र पालटले. २०१८ च्या मोसमात रॅम्सने १३ सामने जिंकले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ते सुपर बोलपर्यंत पोहोचले. तेथे मात्र न्यू इंग्लंडकडून १३-३ असा पराभव झाला. तरी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गॉफला चार वर्षांची, १३ कोटी ४० लाख डॉलरांची करारवाढ मिळाली.

येथे साहित्याच्या अभ्यासकांना रस वाटेल असा एक तपशील आहे. क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात ध्वनिग्राहक बसवलेला असतो आणि प्रशिक्षक कडेला उभा राहून त्याच्याशी बोलू शकतो. चालीच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. मॅक्व्हे आपली फळी लवकर उभी करवतो, समोरच्यांची मांडणी पाहतो आणि आवाज तुटण्यापूर्वी गॉफला सांगून टाकतो, अशी टीका त्या काळी वारंवार झाली. म्हणजे संहिता मॅक्व्हेची, गॉफ केवळ वाचिक अभिनय करणारा नट! यश मिळत होते तोवर ही टीका प्रशिक्षकाची स्तुती म्हणून वाचली जात होती. पुढे खेळ मंदावला तेव्हा तीच नटावरचा आरोप झाली. वस्तुतः १५ सेकंद उरल्यानंतर काय होते? आवाज बंद होतो, चेंडू हातात येतो, अंगावर धिप्पाड माणसे धावून येतात, आणि नंतरचे सगळे त्या एकट्याने करायचे असते. आवाज कुठे संपतो आणि कृती कुठे सुरू होते, ही रेषा टीकाकारांपैकी कोणालाच आखता आली नाही. आम्हांला वाटते, ती आखता येणारी नव्हतीच.

३० जानेवारी २०२१ रोजी सौद्याची वार्ता आली. डेट्रॉइटने स्टॅफर्ड दिला. रॅम्सने त्याच्या बदल्यात गॉफ, तिसऱ्या फेरीचा एक निवडहक्क आणि २०२२ व २०२३ या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे निवडहक्क दिले. बहुतेक जाणकारांनी या सौद्याचा अर्थ असा लावला की, पहिल्या फेरीचा एक हक्क स्टॅफर्डसाठी आहे आणि दुसरा गॉफचा करार डेट्रॉइटने आपल्या डोक्यावर घ्यावा म्हणून आहे. म्हणजे सुपर बोल खेळलेल्या २६ वर्षांच्या खेळाडूला त्या बाजारात उणे किंमत होती. त्याला नेण्याबद्दल वर पैसे द्यावे लागले, असाच याचा अर्थ. गॉफ गेल्यानंतरही त्याला आधीच दिलेल्या रकमेपैकी दोन कोटी डॉलरांहून अधिक रॅम्सच्या पगारमर्यादेत मोजले गेले. या हिशेबाला तेथे 'डेड मनी', म्हणजे मेलेला पैसा म्हणतात. माणूस दुसऱ्या शहरात जिवंत असतो, मरण पावतो तो पैसा. रूपके कोण वापरतो आणि कोणासाठी वापरतो, हे विद्यार्थ्यांना शिकवताना याहून नेमके उदाहरण आम्हांला क्वचितच सापडले असेल.

वर्षभरात निकाल लागला असे सर्वांना वाटले. १३ फेब्रुवारी २०२२ रोजी स्टॅफर्डने शेवटच्या दीड मिनिटात कूपर कप याच्याकडे विजयी चेंडू फेकला आणि रॅम्सने सिनसिनाटीला २३-२० असे हरवून सुपर बोल जिंकला. डेट्रॉइटमध्ये बारा वर्षे ज्याला बाद फेरीतला एकही सामना जिंकता आला नव्हता, तोच हा स्टॅफर्ड. तिकडे गॉफच्या नव्या संघाने त्या मोसमात ३ सामने जिंकले, १३ गमावले आणि एक बरोबरीत सोडवला. प्रशिक्षक तोच, संघ बव्हंशी तोच, नट बदलला आणि नाटक रंगले. मग दोष नटाचाच होता, हा युक्तिवाद निरुत्तर करणारा होता. तो आम्हीही त्या वेळी मान्य केला होता, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

पण डेट्रॉइटमध्ये जे घडत होते ते एका वर्षात दिसणारे नव्हते. तेथे ब्रॅड होम्स हा नवा व्यवस्थापक आला होता. तो पूर्वी रॅम्सचाच, महाविद्यालयीन खेळाडू हेरणाऱ्या विभागाचा प्रमुख. २०१६ साली गॉफची पारख झाली तेव्हा तो त्या घरातच होता. ज्यांनी गॉफला टाकले त्यांनी गेल्या मोसमातला गॉफ पाहिला. होम्सला त्याआधीचाही ठाऊक होता. डॅन कॅम्बेल हा प्रशिक्षक नवा होता. २०२२ मध्ये संघाने पहिल्या सातांपैकी सहा सामने गमावले, तरी गॉफची जागा काढून घेतली गेली नाही. मोसम संपला तेव्हा संघाच्या नावावर ९ विजय होते. सौद्यात मिळालेल्या हक्कांची पुढे आणखी उलाढाल करून डेट्रॉइटने जेम्सन विल्यम्स, जामिर गिब्स आणि सॅम लपोर्टा हे तरुण मिळवले, आणि त्यांच्याकडे चेंडू देणारा होता तो उणे किमतीचा गॉफ. मग ती संक्रांतीची सकाळ उगवली.

आमचे म्हणणे आता मांडता येईल. किंमत हा उद्याविषयीचा अंदाज असतो. आपण तो आजवरच्या माणसाविषयीचा निकाल म्हणून वाचतो. रॅम्सने २०२१ साली सांगितले ते एवढेच, की आमच्या या मांडणीत, या घाईत, या प्रशिक्षकाला हा खेळाडू नको. ऐकणाऱ्यांनी ऐकले ते, 'हा खेळाडू सुमार आहे'. पहिले विधान खरे ठरले, याला स्टॅफर्डचा विजय साक्षी आहे. दुसरे खोटे ठरले, याला डेट्रॉइट साक्षी आहे. दोन्ही एकाच वेळी शक्य होतात, कारण खेळाडूचे सामर्थ्य त्याच्या अंगात बंदिस्त असलेली वस्तू नसते. भरताच्या रससूत्रात 'संयोग' हा शब्द मोक्याच्या जागी आहे. रस हा ना एकट्या विभावाचा, ना एकट्या अनुभावाचा. तो संयोगातून निष्पन्न होतो. शतकानुशतके आपण हे सूत्र काव्यनाट्याला लावत आलो. क्वार्टरबॅकचे यशही तसेच निष्पन्न होते. पुढे उभी असलेली संरक्षक भिंत, चेंडू झेलणारे हात, कानातला आवाज, शहराचा धीर, दुखावलेला अंगठा, या साऱ्यांच्या संयोगातून. यादीवरचे नाव मात्र एकट्याचे असते आणि किंमत नावाला लागते.

हा एकाच माणसाचा अपवाद नव्हे. २०१८ च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा बेकर मेफील्ड याने जानेवारी २०२१ मध्ये क्लीव्हलंडला २६ वर्षांनंतर बाद फेरीत विजय मिळवून दिला. पुढच्या वर्षी तो खांदा दुखावलेल्या अवस्थेत खेळला, संघ घसरला, आणि २०२२ च्या जुलैत त्याला कॅरोलायनाकडे धाडण्यात आले. त्यांनी डिसेंबरात त्याला मोकळे केले. मॅक्व्हेच्या रॅम्सने उचलल्यावर दोनच दिवसांत तो मैदानात उतरला आणि शेवटच्या दोन मिनिटांत ९८ यार्ड कापून त्याने सामना जिंकून दिला. २०२३ पासून तो टॅम्पा बेकडून खेळू लागला. २१ जानेवारी २०२४ रोजी डेट्रॉइटच्या मैदानात गॉफसमोर उभा राहिला तो हाच. उपान्त्य सामन्याच्या उंबरठ्यावर समोरासमोर आलेले हे दोघेही आपापल्या वर्षी पहिल्या क्रमांकाने निवडले गेलेले, आणि दोघेही मूळ संघाने टाकलेले. डेट्रॉइटने ३१-२३ असा विजय मिळवला.

यावर एक आक्षेप आम्ही ऐकला आहे, आणि तो हलका नाही. कोट्यवधी डॉलर घेणाऱ्यांविषयी हा कळवळा कशाला? करारावर सही करताना त्यांना सौद्याची रीत ठाऊक असते. हे खरे आहे. शिवाय क्वार्टरबॅक हा या व्यवस्थेतला सर्वांत सबळ माणूस आहे. १९८३ मध्ये जॉन एल्वेने आणि २००४ मध्ये इलाय मॅनिंगने निवड करणाऱ्या संघाकडून खेळण्यास नकार दिला आणि तो पचवला. पण उरलेल्या यादीचे काय? नावही न उच्चारले जाणारे बहुसंख्य खेळाडू सौद्यास नकार देऊ शकत नाहीत. सकाळी एका शहरात सराव करतात, आणि संध्याकाळी दुसऱ्या शहरात घर शोधतात. सर्वांत सबळ माणसालाही जर 'उणे किंमत' हे विशेषण चिकटते, तर दुबळ्यांना काय चिकटत असेल, याचा अंदाज करणे अवघड नाही. पैसा मिळतो म्हणून माणसाविषयीचे चुकीचे विधान बरोबर ठरत नाही.

मराठीत 'मोल' हा एक विलक्षण शब्द आहे. मोलकरीण पैसे घेऊन काम करते म्हणून मोलकरीण. आणि मोलाचा सल्ला मात्र ज्याचे पैसे कोणी घेत नाही तोच. भाषेने दोन्ही अर्थ एकाच शब्दात ठेवले आणि त्यांतला फरक ओळखण्याचे काम बोलणाऱ्यावर सोपवले. क्लीव्हलंडने मेफील्डला दूर करून कोणाला आणले, हे पाहिले की हा फरक विसरल्याने काय होते ते कळते. मार्च २०२२ मध्ये त्या संघाने पहिल्या फेरीचे तीन निवडहक्क देऊन डेशॉन वॉटसनला घेतले आणि २३ कोटी डॉलरांचा, पूर्णतः हमी असलेला पाच वर्षांचा करार केला. त्या वेळी वीसहून अधिक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे दाखल केले होते. त्याने आरोप नाकारले होते, ज्युरींनी फौजदारी आरोप ठेवले नव्हते. पुढे बहुतेक दावे तडजोडीने मिटले, आणि लीगने त्याला ११ सामन्यांसाठी निलंबित करून ५० लाख डॉलर दंड केला. न्यायालयाचे काम आम्ही करू इच्छित नाही. परंतु अनेक संघ त्याच्यासाठी चढाओढ करत होते, ही वस्तुस्थिती आहे. एका बाजूला खांदा दुखावला असता खेळणारा माणूस उतरत्या भावाने जातो, दुसऱ्या बाजूला इतके गंभीर प्रश्न अनुत्तरित असताना भाव चढतो. किंमत काय मोजते आणि काय मोजतच नाही, याचा असा जाहीर पुरावा क्वचित मिळतो. पुढे क्रीडांगणावरही तो सौदा फळला नाही. मात्र तो फळला असता तरी आमचे म्हणणे बदलले नसते.

येथे आम्हांला स्वतःलाही अडवले पाहिजे. गॉफची कथा अशी सांगता येते की, टाकलेला माणूस अखेर जिंकला, टाकणारे खजील झाले, सत्य उजेडात आले. ही मांडणी मोहक आहे, परंतु ती मूळ चुकीचीच उलटी आवृत्ती आहे. मे २०२४ मध्ये डेट्रॉइटने त्याला २१ कोटी २० लाख डॉलरांची करारवाढ दिली. त्या मोसमात संघाने १५ सामने जिंकले. आणि १८ जानेवारी २०२५ रोजी, त्याच फोर्ड फील्डमध्ये, वॉशिंग्टनविरुद्ध गॉफने चार वेळा चेंडू गमावला. संघ ४५-३१ असा हरून बाहेर पडला. मग २०२१ चे टीकाकार बरोबर होते काय? नाही. २०२४ चा जयघोष चूक होता काय? तोही नाही. निकालाला आपण उगाच शेवटचे पान समजतो. रॅम्सही मूर्ख नव्हते. त्यांना हवे होते ते त्यांनी मिळवले. ज्या सौद्यात दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर होत्या, त्यात कोण जिंकले हा प्रश्न विचारत राहणे, ही आपल्या बुद्धीची सवय आहे, व्यवहाराची मागणी नव्हे.

आणि ही सवय वर्गातही असते. अभ्यासक्रमात जागा मोजक्या असतात. एक कवी आत आला की दुसरा बाहेर जातो. ही यादी करावीच लागते, ती करणाऱ्यांवर आमचा रोष नाही. पण बाहेर गेलेल्या कवीविषयी दोन-चार वर्षांत विद्यार्थी बोलू लागतात ते असे, की तो आता 'लावलेला नाही', म्हणजे तितकासा महत्त्वाचा नसावा. जागेचा निर्णय गुणाचा निर्णय होऊन बसतो. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर याहून वाईट घडते. एका शिक्षकाच्या वर्गात मुका असलेला मुलगा दुसऱ्याच्या वर्गात बोलू लागतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तरी गुणपत्रिकेवरचा आकडा आपण मुलाचा म्हणूनच वाचतो, त्या वर्गाचा म्हणून कधी वाचत नाही. होम्सने केले ते एवढेच, की माणसाची अलीकडची किंमत पाहताना आपली जुनी ओळख त्याने टाकून दिली नाही, आणि सातांतले सहा सामने हरल्यावरही थोडा काळ थांबला. शिक्षकाला याहून वेगळे काय करायचे असते?

शेवटी पुन्हा स्टॅफर्डकडे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो सुपर बोल खेळला तेव्हा डेट्रॉइटमधले कितीतरी लोक त्याच्या नव्या संघाच्या बाजूने टीव्हीसमोर बसले होते. आपला माणूस जिंकला म्हणून त्यांनी आनंद केला. दोन वर्षांनी त्याच शहराने त्याची हुर्यो उडवली. ती रात्र गॉफची होती हे खरे, आणि यजमानांनी पाहुण्याला दबवावे ही त्या खेळाची रीतही आहे. तरी त्या सकाळी तिळगुळाचा डबा पुढ्यात असताना तो आवाज आमच्या कानांना टोचला. एकाचे नाव घेण्यासाठी दुसऱ्याची बारा वर्षे पुसण्याची गरज नव्हती.